इंदुरात गाडीतलं घर चालवायचं तर: पाणी, संडास, कचरा, कपडे आणि बाजाराचं गणित

मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅनमध्ये कायमचं राहायला लागलं की झोप आणि स्वयंपाक आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतात. अडतं ते बाकीच्या कामांत. पाणी कुठून भरायचं, संडासाची टाकी कुठे ओतायची, ओले कपडे कुठे वाळवायचे, कुरिअरवाल्याला पत्ता काय सांगायचा. इंदूर, राऊ आणि महूच्या आसपास गाडी लावून राहणाऱ्या किंवा राहू पाहणाऱ्या दोन माणसांचा संसार डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. माणसं वाढली तर आकडे त्या पटीत वाढवा.

नवखा माणूस घरची सवय गाडीत आणतो: सोमवारी भाजी, रविवारी कपडे. गाडीत वाराला किंमत नाही. इथलं पंचांग संडासाची कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढून नेता येणारी मैल्याची टाकी, ठरवते. ती भरली की निघावंच लागतं, म्हणून बाकीची कामं त्याच फेरीला बांधायची. फेरीचा क्रम एकच: आधी ओतायचं, मग कचरा, मग बाजार आणि कपडे, सगळ्यात शेवटी पाणी. कॅसेट ओतल्यावर लगेच पाणी भरलं तर सव्वाशे किलो वजन गावभर फुकट फिरवाल. शिवाय संडासाची टाकी धुतलेल्या हातांनी पिण्याचा पाइप धराल, ते वेगळंच.

१. आधी रोजचा खप मोजा

गाडी घ्यायच्या किंवा बांधून घ्यायच्या आधी घरीच चार दिवस बादलीने मोजून पाहा. दोन माणसांचा काटकसरीचा हिशेब साधारण असा बसतो: पिणं आणि स्वयंपाक ८ लिटर, भांडी ६ ते ८, दोघांच्या आंघोळी १६, हातपाय, दात आणि संडास मिळून ५. म्हणजे दिवसाला ३५ ते ३७ लिटर, आणि १२० लिटरची टाकी तीन दिवस पुरते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून टाक्या भरून, सिलिंडर आणि सगळं सामान ठेवून गाडी एकदा धर्मकाट्यावर नेऊन तोला. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा आकडा जास्त आला तर सामान काढायचं. टायरमध्ये हवा वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

२. मुक्कामाची जागा

हायवेवरचा मोठा ढाबा, ट्रक थांबतात असा पेट्रोल पंप, किंवा ओळखीच्या कोणाचा कंपाउंड असलेला प्लॉट, यांपैकी काहीही चालेल. विचारून आणि ठरवून उभं राहायचं. सर्व्हिस रोडच्या कडेला किंवा कॉलनीच्या गेटसमोर रात्र काढू नका, पहाटे कोणीतरी काच वाजवतंच. सुदामा नगर, तिलक नगर, रामबागेकडे आपली मराठी माणसं भरपूर आहेत. एखाद्या काकांच्या अंगणात गाडी लावायची सोय होते, पण तिथे पाणी आणि प्लग वापरणार असाल तर पैशांचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. "असू द्या हो" यावर महिना काढला की संबंध बिघडतात.

गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. छतावरचं सौर पॅनल आणि पंख्याची टोपी धरून मोजायचं. उंचीचे लोखंडी अडथळे आणि जुन्या वस्तीतल्या लोंबत्या तारा, गाडीचं छत यांतच जातं.

३. संडासाची कॅसेट आणि सांडपाणी

बहुतेक गाड्यांत १८ ते २० लिटरची कॅसेट असते. विलायती पुस्तिकेतले दिवस आपल्याला लागू होत नाहीत, कारण आपण पाणी वापरतो. संडासात जेट बसवला तर एका वेळेला लिटर-दीड लिटर पाणी सहज जातं आणि कॅसेट दीड दिवसात भरते. त्याऐवजी ३०० मिलिलिटरची दाबायची बाटली ठेवा. तेवढं पाणी पुरतं आणि कॅसेट तीन दिवस चालते.

रिकाम्या कॅसेटमध्ये दोन लिटर पाणी आणि बायो-एन्झाइमचं द्रावण, डब्यावर लिहिलेल्या मापाने. फॉर्मल्डिहाइड असलेलं निळं औषध घेऊ नका. ते वासाबरोबर सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूही मारतं. ज्याच्या टाकीत तुम्ही ओतणार, त्याची टाकी त्याने बिघडते आणि पुढच्या वेळी तो नाही म्हणतो.

कुठे ओतायचं? सुलभ किंवा महापालिकेचं सार्वजनिक शौचालय, पंपावरचा संडास, नाहीतर मुक्कामाच्या घरचा. तिथल्या माणसाला आधी सांगा, पैसे द्या, दुपारच्या निवांत वेळी जा. कॅसेटचं तोंड भारतीय पद्धतीच्या संडासाच्या भांड्याच्या अगदी जवळ नेऊन सावकाश ओता आणि हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही तर मैला गचके खात बाहेर येतो आणि पायांवर उडतो. नंतर पाच लिटर पाणी ओतून भांडं स्वच्छ करून द्या. रबरी हातमोजे, वेगळा मग आणि ब्रश एका झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा स्वयंपाकाच्या सामानापासून लांब.

रस्त्याकडेच्या जाळीत, नाल्यात किंवा शेतात कधीच ओतू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं ते कान्ह आणि सरस्वती नद्यांत जाणारं सांडपाणी अडवून. इथे दंडाआधी रस्त्यावरची माणसंच तुम्हाला थांबवतील.

मोरीच्या आणि बेसिनच्या पाण्यालाही हाच नियम: बाथरूमच्या ड्रेनमध्ये किंवा गटाराच्या चेंबरमध्ये सोडायचं, पावसाच्या नाल्यात नाही. सांडपाण्याच्या टाकीला वास येतो तो तेलाचा. पोळीच्या तव्यावरचं आणि आमटीच्या पातेल्यातलं तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग धुवा. वास निम्म्याने कमी होतो आणि पाणीही वाचतं.

४. पाणी भरणं

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड आणि ठरलेल्या वेळेलाच सुटतं. म्हणून मुक्कामाच्या जागी पहिला प्रश्न विचारायचा: नळ कधी येतो? नळ सुटल्यावर पहिली पाच-सात मिनिटं पाणी बादलीत धरा आणि ते फरशी पुसायला वापरा. पाइपात साचलेली घाण सुरुवातीलाच येते. रंग किंवा वास वेगळा वाटला तर त्या दिवशी टाकी भरूच नका. नळाला मोटर लावून पाणी ओढायचं नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय फुटक्या जोडांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.

बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या खडकातलं, बहुतेक ठिकाणी जड. आंघोळीला चालतं, पण गीझरच्या कॉइलवर आणि पंपाच्या गाळणीवर पांढरा थर धरतं. बोरिंगवरच राहणार असाल तर महिन्यातून एकदा गाळणी व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. पिण्यासाठी २० लिटरचा जार वेगळा ठेवला की टाकीच्या पाण्याची चिंता अर्धी होते.

पाइप खाद्यदर्जाचा आणि फक्त पिण्याच्या पाण्याचा हवा. बागेचा हिरवा पाइप उन्हात तापला की पाण्याला रबराची चव येते, आणि ती टाकीत मुरली की जाता जात नाही. नळांची तोंडं दर ठिकाणी वेगळी असतात, तेव्हा अर्धा आणि पाऊण इंची दोन्ही जोड, क्लॅम्प आणि टेफ्लॉन टेप सोबत ठेवा.

दर तीन महिन्यांनी टाकी निर्जंतुक करायची. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे १२० लिटरला १२० मिलिलिटर. भरलेल्या टाकीत टाका, प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास तसंच ठेवा, मग सगळं काढून साध्या पाण्याने दोनदा धुवा. बाटली सुगंध आणि रंग न मिसळलेली बघून घ्या. हायपोक्लोराइटमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. क्लोरिन वायू सुटतो आणि गाडीच्या एवढ्याशा जागेत तो जीवावर बेततो.

५. कचरा

इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं पहिलं आलं, त्याचा तुमच्या ओट्याशी थेट संबंध आहे. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीला वेगवेगळे कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. मिसळलेला कचरा तिथे चालत नाही, म्हणून गाडीवरची माणसं पिशवी उघडून बघतात आणि परत देतात. हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

गाडीत सहा मोठे डबे मावत नाहीत, आणि लागतही नाहीत. ओल्यासाठी घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा, सुक्या आणि प्लास्टिकसाठी दाराच्या मागे टांगलेल्या दोन कापडी पिशव्या, बाकी तिन्हींसाठी एकेक छोटा डबा. भाजीची सालं निथळून वर्तमानपत्रात गुंडाळली की मे महिन्यातही दोन दिवस वास येत नाही. मुक्कामाच्या गल्लीत कचरागाडी किती वाजता येते ते शेजारी विचारून ठेवा. ती चुकली तर कचरा घेऊन फिरावं लागतं. पंपाच्या किंवा दुकानाच्या डब्यात घरचा कचरा टाकणं इथे चटकन डोळ्यांवर येतं.

६. गॅस

कायमचा पत्ता नसेल तर १४.२ किलोच्या घरगुती कनेक्शनच्या मागे लागू नका. पाच किलोचं छोटं सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतं, गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर. इंडेनचं 'छोटू' नावाने आहे. रेग्युलेटर तिथूनच आणि बसवून बघूनच घ्या, घरचा जुना बसेलच असं नाही. दोघांचा खप दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास धरला तर एक सिलिंडर तीन आठवड्यांपेक्षा थोडं जास्त जातं. दोन ठेवा, एक चालू आणि एक भरलेलं.

किती गॅस उरलाय हे हलवून कळत नाही. टांगायचा वजनकाटा घ्या. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा. कड्याजवळच्या पट्टीवर चाचणीची मुदतही असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे सालाचे शेवटचे दोन अंक. मुदत गेलेलं सिलिंडर तिथेच परत करा.

- सिलिंडर कायम उभं आणि पट्ट्याने बांधलेलं.
- एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर ती तळाशी साचते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवीच, आणि गॅसचा अलार्म जमिनीलगत.
- नळी आयएसआय छापाची, पाच वर्षांनी बदलायची.
- प्रत्येक जोडणीनंतर साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासा, काडी पेटवून नाही.
- मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारी दुकानं दिसतील. तिकडे फिरकू नका.

डिसेंबर-जानेवारीत माळव्यातली रात्र चांगलीच गारठते आणि शेगडी पेटवून झोपायचा मोह होतो. गॅसची शेगडी असो की कोळशाची, बंद गाडीत दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जाड रजई घ्या, छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लावा.

७. वीज

१२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत अडीच युनिट वीज मावते. त्यातली दोन वापरायची. फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, ३० वॉटचे दोन पंखे दहा तास म्हणजे सहा दशांश, दिवे, फोन आणि लॅपटॉप मिळून चार दशांश, मिक्सर आणि पाण्याचा पंप एक दशांश. बेरीज १.६ युनिट. छतावर ४०० वॉटची पॅनल असतील तर स्वच्छ उन्हात जवळपास तेवढं परत मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतं, तेव्हा तीन-चार दिवसांनी प्लगला लावावंच लागतं. इंडक्शन शेगडी तासभर चालली तर दीड युनिट जातं, म्हणून ती प्लग असेल तेव्हाच. साध्या ट्युब्युलर बॅटरीचं गणित वेगळं: क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त काढली तर तिचं आयुष्य घटतं.

दुसऱ्याच्या घरातून वीज घेताना १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन तारांची केबल. रिळावर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या आत तापून वितळते. जोडण्याआधी सॉकेट टेस्टरने अर्थिंग बघा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, आणि मग गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

पॅनल धुवायची तर पहाटे, दीड-दोन लिटर पाणी आणि मऊ कापड. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

८. बाजार

मोठी गाडी घेऊन राजवाडा, सियागंज किंवा सराफ्याकडे जायचंच नाही. गाडी बाहेर लावा आणि ई-रिक्षा करा. किराणा सियागंजात स्वस्त पडतो, पण माप घाऊक. पाच किलो डाळ ठेवायला गाडीत जागा आहे का, ते आधी बघा. इलेक्ट्रिकचं सामान, फ्यूज, वायर, १२ व्होल्टचे दिवे यांसाठी महाराणी रोड. औषधं महिन्याची एकदम घ्यायची असतील तर दवा बाजार. यांत्रिक कामाला देवास नाका आणि लसूडियाकडे ट्रकवाल्यांचे कारागीर आहेत. डिझेल व्हॅनची त्यांना सवय असते, मात्र आतल्या फर्निचरला आणि गॅसच्या पाइपाला त्यांना हात लावू देऊ नका.

भाजीला चोइथराम मंडीचं नाव सगळे घेतात. तिथे भाव घाऊक आणि मालही घाऊक. दोघांना कॉलनीतला आठवड्याचा हाटच बरा. पालेभाजी दोन दिवसांची, फळभाजी पाच दिवसांची, कांदे-बटाटे जाळीच्या पिशवीत टांगून. भाजी बाहेरच निवडून घ्या, म्हणजे निम्मा ओला कचरा गाडीत येतच नाही.

फेरीच्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी बाहेर खा. गॅस, पाणी आणि भांडी तिन्ही वाचतात, आणि इंदुरात राहून हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

९. कपडे

तीन वाटा आहेत. चादरी, टॉवेल, जीन्स किलोवर धुणाऱ्या लॉन्ड्रीत द्या आणि फेरीच्या शेवटी उचला. इस्त्री चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे. गाडीतल्या इनव्हर्टरवर इस्त्री चालवू नका, एक हजार वॉटला बॅटरी बसते.

रोजचे कपडे डब्यात धुता येतात. २० लिटरचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात दोन किलोपेक्षा कमी कपडे, आठ लिटर पाणी आणि एक चमचा द्रव साबण. घरच्या मापाने साबण घातला तर फेस जिरवण्यातच सगळं पाणी जातं. झाकण लावून डबा मोरीत बांधा आणि फेरीला निघा. अर्ध्या तासाच्या रस्त्यात धक्क्यांनी कपडे घुसळले जातात. खळबळणं पाणी भरायच्या जागी, टाकी भरण्याआधी.

खरी अडचण वाळवण्याची. हाताने पिळलेल्या एक किलो कपड्यांत अर्धा लिटर पाणी सहज असतं. गाडी बंद ठेवून ते आत वाळवलं तर ते सगळं भिंतीवर आणि गादीखाली जातं. पावसाळ्यात आठवड्याभरात प्लायवर काळी बुरशी दिसायला लागते. म्हणून कपडे पिळायचा छोटा स्पिनर घ्या, तो प्लगवर चालवा. वाळवताना छताचा पंखा बाहेर हवा फेकणारा ठेवा आणि एक खिडकी चार बोटं उघडी. गादीखाली फळ्यांची जाळी नसेल तर गादी रोज उभी करा.

१०. पत्ता आणि कागद

नातेवाइकाचा पत्ता "द्वारा" लिहून वापरा आणि त्यांना आधी कल्पना द्या. ओटीपी लागणारं पार्सल ते घरी असतील त्याच दिवशी मागवा. आधारवरचा पत्ता बदलायचा असेल आणि स्वतःच्या नावावर काहीच नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची ऑनलाइन सोय आहे. त्यासाठी नातं दाखवणारा कागद लागतो. मतदार यादीतल्या स्थलांतराला फॉर्म ८.

एका जलरोधक फोल्डरमध्ये हे ठेवा:

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स
- गाडीत केलेल्या बदलांच्या मंजुरीचे कागद, कारण बदल आरसीवर चढलेले नसतील तर विम्याचा दावा अडतो
- सिलिंडरच्या खरेदीची पावती
- दोघांच्या ओळखपत्रांच्या चार-चार प्रती आणि फोटो
- औषधांच्या चिठ्ठ्या

दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी मध्य प्रदेशात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र काढून इथला नंबर घ्यावा लागतो. इंदूरचं आरटीओ नायता मुंडल्याला आहे.

११. छत, आणि निघण्याआधीची तपासणी

मे संपायच्या आत छतावर चढून प्रत्येक जोड बोटाने दाबून बघा: पॅनलचे पाय, व्हेंटची चौकट, केबल आत शिरते ती जागा. तडकलेलं सीलंट खरवडून काढा आणि पॉलियुरेथेनचं नवं भरा. जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, म्हणून ते पूर्ण काढावंच लागतं. मग बादलीभर पाणी ओतून आतून हात फिरवा.

दर वेळी निघताना: सिलिंडरचा नॉब बंद, छताचा व्हेंट खाली, प्लगची केबल आत, पायरी वर, फ्रिजच्या दाराला कडी, कॅसेटचं झापड बंद, ओट्यावर सुटं काही नाही. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची. पंपावर डिझेल भरताना फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो पंपाच्या आवारात शिरण्याआधीच बंद करा.